मौनात ऐकलेलं

"घास तोंडात असेतो जिभेला दुसरं काम द्यायचं नाही, शुभा. कोणी काही सांगितलं तर मान हलव. बोलायचं ते आचवल्यावर." आत्याने हे सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून दर चातुर्मासात संध्याकाळच्या जेवणाला मी मौन धरते. लग्नानंतर अमेरिकेत, हर्नडनला आल्यावरही ते सुटलं नाही.

सुशांतला आधी याची गंमत वाटायची. "अमेरिकेत चार महिने गप्प बसणारी बायको मिळालेला मी एकटाच," म्हणायचा. या वर्षी मात्र तोच जेवताना बोलायला लागला. एरवी ऑफिसातून आला की चार्जर सापडला नाही म्हणून खेकसणारा, लेकीने, स्वानंदीने, पियानो उघडला की दार आपटणारा हा माणूस पानावर बसला की सगळं सांगायचा. डेमो कसा झाला, मॅनेजर काय म्हणाला, पुढच्या प्रोजेक्टचा लीड यालाच कसं करणार आहेत. मी मान हलवायची, आमटी वाढायची. जेवून उठल्या उठल्या त्याचा कॉल असायचा. मला वाटायचं, माझ्या नेमाचंच हे फळ. देवापुढे तसं बोलूनही दाखवलं होतं.

मंगळवारी दुपारी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर बघत होते, तिथे नंदा भेटली. तिचा नवरा सुशांतच्याच टीममध्ये.

"कशी आहेस गं? शुक्रवारी मीटिंग ना?" तिने माझा हात धरला. "आमचे हे म्हणत होते, सुशांतने जीव तोडून काम केलंय. पण पीआयपी एकदा मागे लागली की..."

"काय लागली?"

तिचा चेहरा पडला. "शुभा, तुला माहीत नाही?"

मग तिनेच हळू आवाजात सांगितलं. काम खालावलंय असं लेखी देतात. साठ दिवसांत सुधारा, नाहीतर निघा. नोकरी गेली की व्हिसाही फार दिवस टिकत नाही. साठ दिवस शुक्रवारी संपत होते. अख्ख्या टीमला ठाऊक होतं.

संध्याकाळी पानं घेतली. स्वानंदी "आय ॲम फुल" म्हणत चार घास खाऊन पळाली. सुशांतने भात कालवला आणि सुरू झाला. "आज मॅनेजर म्हणाला, तुझ्याशिवाय हे रिलीज झालंच नसतं. सगळ्यांसमोर, यार!"

हसताना त्याचा डावा डोळा फडफडत होता. रोजच फडफडत असेल. मी आज पाहिला. मान हलवली नाही. तो जरा थांबला, मग पुन्हा लीडचं सांगू लागला. मी शेवटच्या घासापर्यंत ऐकलं. हात धुतले, चूळ भरली आणि त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कॉल आहे माझा."

"नाहीये. नंदा भेटली होती."

त्याने लॅपटॉप मिटला. "सांगणारच होतो. शुक्रवार झाला की."

"रोज बोलत होतास की माझ्याशी!"

"काळजी करत बसली असतीस. आणखी दोन उपास धरले असतेस."

"मग गप्प राहायचंस. एवढं रचून कशाला सांगितलंस?"

त्याने चार्जरची वायर गुंडाळायला घेतली. "दिवसभर तिथे माझं काय चुकलं तेच ऐकतो गं. आणि जेवताना तू काही विचारायची नाहीस. नुसती मान हलवायचीस. बरं वाटायचं."

ते मला लागलं. खोटं बोलला, ते एक वेळ समजून घेतलं असतं. पण माझ्या नेमाची वेळ साधून बोलला.

"देवासाठी गप्प बसत होते मी," मी म्हटलं. "तू त्याचा आडोसा केलास."

मी वळले तेव्हा मागून म्हणाला, "शुक्रवारी साडेनऊला आहे. येशील? आत नको. पार्किंगमध्ये, गाडीत बस नुसती."

"येईन," म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक. राग तर गेला नव्हता.

पुढचे दोन दिवस आम्ही दूध संपलंय, बस आली, एवढंच बोललो. जेवताना तोही गप्प होता.

शुक्रवारी स्वानंदीला शाळेच्या बसमध्ये बसवून आले. सुशांत बुटांची लेस तिसऱ्यांदा बांधत होता.

"नाही आलीस तरी चालेल," वर न बघता म्हणाला. "मी समजू शकतो."

मी कोट चढवला, त्याच्याजवळ ठेवलेली गाडीची किल्ली उचलली आणि पुढे झाले.