तिसऱ्या रविवारचा पुकारा

नवरीनं स्वतःच्या लग्नाचा पुकारा कानांनी ऐकला, तर तिची मुलं बहिरी-मुकी जन्मतात, हे कॉर्नवॉलच्या त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून जेथ्रो लोहारानं बजावलं, "तीन रविवार पाद्री चर्चमध्ये आपली नावं पुकारून कुणाची हरकत आहे का विचारेल, तिकडे फिरकू नकोस हं," तेव्हा टॅमझिनला त्याच्या काळजीचं कौतुकच वाटलं. तिला चौथा महिना लागला होता. झग्याची नाडी ती रोज बोटभर सैल बांधत होती. पोराला बापाचं नाव मिळालं की झालं, मग जगानं हवं ते बोलावं.

ती डोंगरावरच्या गोठ्यात कामाला होती. मालक-मालकीण मेथडिस्ट. त्यांचं प्रार्थनाघर वेगळं, खालच्या चर्चची पायरीही ते चढत नसत. पहिले दोन रविवार तिनं मंद आचेवर दूध ठेवून साय धरण्यात काढले.

"काय गं," बरोबरची म्हातारी ग्वेन चिडवायची, "गालातल्या गालात हसतेस ती?"

"जेथ्रो म्हणतो, पुकारे संपले की अंगठी घेऊनच वर येतो."

"अंगठी कसली! त्यानं तुला नाल ठोकला, तरी तू अशीच हसशील."

तिसऱ्या रविवारी मात्र तिला राहवेना. नावं पुकारली जाताना जेथ्रोचा चेहरा कसा होतो, तेवढं तिला बघायचं होतं. पोराला धोका नको म्हणून तिनं लोकरीचे दोन बोळे कानांत घट्ट कोंबले, वरून टोपी बांधली आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

पाद्र्यानं वही उघडली. त्याचे ओठ हलले. एकेक मान मागे वळली, सगळे तिच्याकडेच बघायला लागले. टॅमझिन लाजली. जेथ्रोनं वळून पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. रागावला वाटतं आपण आलो म्हणून! तिनं हळूच कानाकडे बोट दाखवलं: काही ऐकलं नाही रे बाबा.

पाद्रीही तिच्याकडेच बघत थांबला. खूप वेळ थांबला. तिनं नवरीसारखी मान खाली घातली. पाद्र्यानं वही मिटली.

बाहेर बायकांनी तिला गराडा घातला. सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती. तिनं बोळे काढले.

"...आणि तू ढिम्म बसून राहिलीस?" एकजण ओरडत होती. "अगं, तीन रविवार जेथ्रोच्या नावाबरोबर गिरणीवाल्याच्या हॅनाचं नाव पुकारताहेत! आम्हांला वाटलं, आज तू हरकत घ्यायला आलीस."

टॅमझिननं चर्चच्या फाटकाशी जेथ्रोला गाठलं. "आणि हे पोर?"

"पाद्र्यानं विचारलं ना सगळ्यांसमोर, कुणाची हरकत आहे का म्हणून? तू गप्प बसलीस. आता बोंब मारलीस तर कोण ऐकणार?" त्यानं गिरणीच्या वाटेकडे पाहिलं. "आणि हळू बोल. हॅना येतेय."

ती पाद्र्याकडे धावली.

"मी थांबलो होतो, मुली. तुझ्यासाठीच थांबलो होतो."

"मला ऐकू आलं नाही, साहेब. कानांत बोळे होते."

"देवाच्या घरात कान बंद करून बसायला कुणी सांगितलं होतं?"

तिनं तळहातावरचे बोळे पुढे धरले. आपल्या पोराच्या कानांसाठीच ते घातले होते, हे त्याला कसं सांगावं, तिला कळेना. त्यानं मान हलवली आणि तो जेवायला गेला.

पोट झाकेनासं झालं, तशी मालकीणबाईंनी तिचं गाठोडं अंगणात ठेवलं. ग्वेननं दाराआडून पाव पुढे केला, पण नजर मिळवली नाही. टॅमझिन सोळा मैल चालून शहरातल्या निराधारांसाठीच्या गरीबखान्यात गेली. भर हिवाळ्यात तिथं तिला मुलगी झाली. इवलीशी, बापासारखी काळ्याभोर जावळाची.

कारकून वही घेऊन खाटेशी आला. "बापाचं नाव?"

"जेथ्रो रंडल. लोहार."

"तुझा नवरा?"

लेकीनं तिचं बोट घट्ट धरलं होतं. टॅमझिननं दुसऱ्या हातानं लेकीच्या कानांवर दुपटं ओढलं.

कारकुनानं बापाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली, वर टिपकागद दाबला आणि तो पुढच्या खाटेकडे वळला.