रिव्हर्सविना बेटदर्शन

आई गाडी उत्तम चालवायची, फक्त पुढे. मागे घेणं तिला येत नव्हतं, आणि ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती: तिला आणि तिच्या लेकीला. लायसन्सच्या परीक्षेत रिव्हर्सची पाळी आली, नेमका तेव्हाच साहेबांचा फोन वाजला आणि त्यांनी हातानेच ‘पुरे, पुरे’ केलं. आईने तेव्हा देवाचे आभार मानले होते. आता पस्तावत होती.

कारण सोमवारपासून नवी नोकरी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, आणि जायचं स्वतः गाडी चालवत. मुलाखतीत “गाडी येते ना?” विचारल्यावर आईने ठणकावून “हो” म्हटलं होतं. पण म्हातारी माणसं नेमकी बोळाच्या टोकाला राहतात. बाबांना कळलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, “मी सोडत जाईन.” आणि बाबा एकदा सोडायला लागले की सोडत नाहीत.

म्हणून बेटाची सहल लेकीने काढली. “बेट गोल, रस्ता गोल,” ती आईच्या कानात म्हणाली. “नाकासमोर चालत राहायचं, संध्याकाळी आपोआप धक्क्यावर. सराव होईल आणि अब्रूही राहील.”

भाड्याची गाडी धक्क्यावर रस्त्याकडे तोंड करूनच उभी होती. बाबा पुढे बसले, मागे लेक आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कुठलीही जागा हात लावून बघितल्याशिवाय तिला बघितल्यासारखी वाटत नसे.

पहिलं आलं दीपगृह. तिथे सगळ्या गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या होत्या. आईने आवारात एक गोल चक्कर मारली आणि बाहेर पडली.

“अगं, थांबायचं होतं ना?” बाबा म्हणाले.

“दिसलं की. उंच आहे, पांढरं आहे.”

“वहिनी, मला वर चढायचं होतं!”

“आत्या, गुडघे,” लेक म्हणाली.

धबधब्यालाही तेच झालं. गुहा आली तेव्हा “आत अंधारच असतो,” असं म्हणून आईने तिसरा गिअर टाकला. दुपारपर्यंत त्यांनी बेटावरची यच्चयावत प्रेक्षणीय स्थळं खिडकीतून उरकली. जेवण पेट्रोल पंपावर झालं, कारण तिथे शिरायची वाट वेगळी होती आणि निघायची वेगळी. बाबांनी पंपाचे फोटो काढले.

शेवटी आत्या भडकली. “कड्यावर नेलं नाहीत तर मी घरी पोहत जाईन.”

तेवढ्यात कड्याची पाटी आली, बाबा “डावीकडे!” ओरडले आणि आईने गडबडीत स्टिअरिंग फिरवलं. उताराचा रस्ता, जेमतेम एका गाडीपुरता. डावीकडे खडक, उजवीकडे गुडघाभर कठडा आणि त्याखाली समुद्र.

“खाली वळायला ऐसपैस जागा आहे,” लेक नकाशा बघून पुटपुटली. आईचा श्वास सुटला. तो पुरता सुटायच्या आतच खालून पर्यटकांनी भरलेली व्हॅन आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या.

“घे मागे,” बाबा म्हणाले. “आत्ताच रुंद जागा गेली.”

“तो घेईल.”

व्हॅनवाला उतरून खिडकीशी आला. “ताई, तुम्हालाच घ्यावी लागेल. माझा रिव्हर्स गिअर गेलाय.”

“आज?” बाबांनी विचारलं.

“छे, बरीच वर्षं झाली.”

“मग दुरुस्त नाही केला?”

“साहेब, बेट गोल आहे. लागतोय कुणाला?”

आईने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याकडेसुद्धा तिने कधी इतक्या मायेने पाहिलं नसेल. मग ती समोर बघत म्हणाली, “मलाही येत नाही.”

बाबांनी पट्टा सोडला. “उतर. मी घेतो. आणि सोमवारपासून मीच तुला—”

“बसा,” आई म्हणाली. “सोमवारी तुम्ही नसणार आहात. आजही नाही आहात, असं समजा.” ती लेकीकडे वळली. “तू उतर आणि मागे उभी राहा.”

“ये, ये, ये... उजवीकडे... आई, तुझं उजवं!”

आरसा खडकाला घासून मुडपला. आईने गाडी पुढे घेतली, परत मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बाबा दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

“सावकाश होऊ द्या,” व्हॅनवाल्याने धीर दिला. “मी कुठे जातोय?”

हळूहळू गाडी सरळ मागे सरकायला लागली. रुंद जागा आली आणि गेलीही.

“अगं, आली जागा! थांब!”

“आता जमतंय तर जमू द्या.”

आई मान वळवून चढ चढत राहिली. समोरून व्हॅन तिच्यामागोमाग येत होती आणि आतले पर्यटक कडा सोडून हिचेच फोटो काढत होते. लेक पाठीमागे उलटी पळत ओरडून ओरडून घोगरी झाली.

“दादा, समुद्र बघ रे,” आत्या म्हणाली. “सकाळपासून आत्ता कुठे धड दिसतोय.”

माथ्यावरच्या मोकळ्या जागेत आईने हँडब्रेक ओढला. व्हॅनवाला हॉर्न वाजवून निघून गेला. आईच्या ब्लाउजची पाठ भिजून सीटला चिकटली होती.

“सोमवारी मी एकटी जाईन,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

बाबा खिडकीबाहेर हात काढून मुडपलेला आरसा सरळ करत होते. तो काही नीट बसेना.

“टाकी भरून ठेवतो,” ते म्हणाले.