काठीवरची खूण

एलोइसाने झाडूची काठी पिकअपच्या पोटाखाली उभी धरली. काठीवर सुरीने पाडलेली खाच गाडीच्या पोटापासून चांगली सहा बोटं खाली राहिली.

"इथपर्यंत आण," ती म्हणाली.

बेलार्मिनोने चष्मा कपाळावर ढकलला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. चाळीस वर्षं त्याने एस्पान्योला गावातल्या निम्म्या गाड्या लोकांच्या हौसेखातर जमिनीलगत आणल्या होत्या, पण माप काठीवर घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्यातून हे गिऱ्हाईक त्र्याहत्तर वर्षांचं. तिच्या मुलाच्या, लेआंद्रोच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून एलोइसा त्याची कोमाद्रे.

"सहा बोटं फार होतात, कोमाद्रे."

"तुला चढायचंय का तिच्यात?"

चढायचं तिलाच होतं आणि तेच जमत नव्हतं. तिचा नवरा ओनोफ्रे गेला आणि वर्षाच्या आत तिच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. सफरचंदाचं लाकडी खोकं दाराशी ठेवून ती पिकअपमध्ये चढायची. ईस्टरला लेआंद्रो अल्बुकर्कीहून आला आणि त्याने ते खोकं पाहिलं.  जेवण झाल्यावर रुमालाने तोंड पुसत त्याने सांगून टाकलं, की उन्हाळा संपला की पिकअप तो घेऊन जाणार. कागद त्याच्या नावावर होते. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ओनोफ्रेने सही केली होती, म्हणजे त्याच्याकडून करून घेतली होती. आज गाडी गेली की पुढच्या हिवाळ्यात आपण, हे एलोइसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. मुलाच्या घरातली मागची खोली रंगवून तयार होती. रंग फिका गुलाबी. तिला तो जखमेवरच्या पट्टीसारखा वाटला होता.

"मी गाडीपर्यंत चढणार नाही," त्या दिवशी ती म्हणाली होती. "गाडी खाली येईल."

लेआंद्रो हसला होता. हौस म्हणून हवं ते कर, पण हवेच्या पिशव्या बसव, म्हणजे नंतर काढता येतील, असं वर म्हणाला होता.

आता बेलार्मिनोही तेच सांगत होता.

"हवेच्या पिशव्या घाल. बटण दाबलं की बसेल, बटण दाबलं की उठेल. तुला बसायचं तेव्हा खाली, पाट ओलांडायचा तेव्हा वर."

"बटण कुणीही दाबतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. दुसरं सांग."

"पंप बसवतो. उड्या मारेल."

"या वयात मी उड्या मारू?"

बेलार्मिनोने हसू मिशीत दाबलं. "मग स्प्रिंगा कापतो. दीड वेटोळं उडवलं की झालं काम. पण मग गाढवावर बसल्यासारखं होईल. प्रत्येक खडा तुझ्या पाठीला कळेल."

"गाढवावर माझी आजी बसायची. मी नाही. चाल बिघडता कामा नये."

त्याने फडक्याला हात पुसले. तिला खरं काय हवंय ते आता त्याच्या ध्यानात येत होतं. पुढे, ज्यावर चाकाचा दांडा नेहमीपेक्षा वर बसतो असा तुकडा घालायचा, म्हणजे गाडी खाली येते, पण स्प्रिंग होती तशी राहते आणि चालही तशीच. मागे स्प्रिंगांच्या कमानींच्या खाली असलेला आस कमानींच्या वर न्यायचा, त्याला हलायला जागा म्हणून सांगाड्याला खाच द्यायची. काम आठवड्याभराचं होतं, नीट केलं तर गाडी पाण्यासारखी जाते. पण एकदा केलं की केलं.

"हे परत वर नाही होत, कोमाद्रे. सांगाडा कापला की कापला."

"तेच कर."

बेलार्मिनोने काठी हातात घेतली आणि खाचेवर अंगठा फिरवला. कारखान्याच्या दारातून त्याला नदीकडचा रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावरून एलोइसाच्या घरी जायचं तर पाट ओलांडावा लागतो. पाटाच्या नळावर मातीचा मोठा उंचवटा आहे आणि दुसरी वाट नाही.

"ही खाच तू कुठे मोजलीस?"

"घराच्या दारात."

"पाटावर मोजली नसशील, तर एक सांगतो. एवढी खाली आणली तर त्या उंचवट्यावरून सरळ जाणार नाही. पोट टेकेल."

"सरळ नाही जाणार," एलोइसा म्हणाली आणि काठी त्याच्या हातातून परत घेतली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग चष्मा डोळ्यांवर आणला आणि जॅक ओढायला गेला.

लेआंद्रोला हे फोनवर कळलं तेव्हा तो इतका वेळ बोलला की एलोइसाने फोन टेबलावर ठेवून मिरच्यांची माळ ओवून संपवली. शेवटी तो म्हणाला, उन्हाळा संपायची वाट आता बघत नाही, रविवारी येतो.

आला. प्रार्थना आटोपून एलोइसा नुकतीच घरी पोचली होती आणि घेवडा चुलीवर ठेवत होती. बेलार्मिनो बाहेर पायरीवर बसून कॉफी पीत होता. अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पिकअप उभी होती, गडद हिरवी, मांजर दबा धरून बसावं तशी.

"किल्ली," लेआंद्रो म्हणाला.

एलोइसाने ती खिळ्यावरून काढून दिली. त्याला वाद अपेक्षित होता. त्याने किल्ली मुठीत घेतली.

"आई, तुझ्या भल्यासाठीच करतोय हे."

"मग कर की. कॉफी घेतोस?"

त्याने घेतली नाही. कागदांचा लिफाफा खिशात घालून तो गाडीत बसला, आणि बापाच्या हातची ती मोटार एका झटक्यात सुरू झाली. अंगणातून निघून तो सरळ पाटावर गेला. पुढची चाकं उंचवट्यावरून पलीकडे उतरली. मग दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि गाडी मध्येच पोटावर बसली. मागची चाकं खडी उडवत नुसती फिरू लागली.

बेलार्मिनोने कप पायरीवर ठेवला. दोघांनी मिळून चाकांखाली फळ्या घातल्या, ढकललं, शिव्या दिल्या, आणि अर्ध्या तासाने गाडी मागे अंगणात आली. लेआंद्रोचा रविवारचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पादरिनो, ही गाडी इथून बाहेरच पडू शकत नाही," तो आपल्या धर्मपित्याला, बेलार्मिनोला म्हणाला. "तुम्ही तरी सांगायचं तिला."

"सांगितलं होतं."

एलोइसा घरातून बाहेर आली. तिने ओठ रंगवले होते, लग्नातली पर्स काखेत धरली होती. दाराशी पडलेलं खोकं तिने पायाने बाजूला सारलं आणि स्वैपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तशी ती गाडीत बसली.

आधी गाडी मागे घेतली, पार झाडाच्या खोडापर्यंत. मग चाक पूर्ण वळवून ती पाटाकडे आडवी निघाली, कुंपणाला घासेल इतकी कडेने. डावं पुढचं चाक एकटं वर चढलं. मग उजवं. गाडी तिरकी झाली, झोपेत कूस बदलावी तशी. मागचं डावं चढलं तेव्हा पोटाखालचं गवत सळसळलं. दगड वाजला नाही.

पलीकडे जाऊन ती थांबली. लेआंद्रो पाटाच्या अलीकडे उभा होता.

"हे कुठे शिकलीस?"

"तुझा बाप रविवारी फेरीला निघताना मागे वाळूची आठ पोती टाकायचा, गाडी खाली यावी म्हणून. पाट आला की आठही उतरवायचा, गाडी पलीकडे नेऊन ठेवायचा, पोती खांद्यावरून वाहायचा आणि परत भरायचा. दोन वर्षं." तिने आरसा नीट केला. "मला आठवा महिना होता. उन्हात बसून बसून कंटाळले. म्हटलं, सरक, आणि पोत्यांसकट तिरकी नेली."

बेलार्मिनो पायरीवर जाऊन बसला आणि कपात बघू लागला.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू झालास आणि पोती गेली. मग या गाडीने नुसती लाकडं वाहिली." तिने कोपर खिडकीत टेकवलं. "रिव्हरसाइड रस्त्यावर एक फेरी मारून येते. घेवडा चुलीवर आहे. ढवळत राहा, खाली लागला तर तुलाच वाढीन."

लेआंद्रोचा हात खिशातल्या लिफाफ्यावर गेला आणि तिथेच राहिला. पिकअप नदीकडच्या रस्त्याला लागली, धूळही नीट उडत नव्हती, इतकी सावकाश. चार पावलं धावला असता तर त्याने तिला गाठलं असतं.

तो धावला नाही.