चाकं माझी, मिरवायची पेटी

मी हॉकर्स एंड गावातल्या फेन्टन कुटुंबाची बाबागाडी बोलतेय. आधीच सांगते, माझा स्वभाव जळका आहे. वय झालं तरी गेला नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं, नवी गाडी मिळत नव्हती. म्हणून एडिथने मला पाद्रीसाहेबांच्या घरून आणलं, तिच्या तीन आठवड्यांच्या ऑड्रीसाठी. टपालकचेरीबाहेर आम्ही पाच-सहा बाबागाड्या भिंतीला लागून उभ्या असायचो आणि आत बायकांच्या गप्पा रंगायच्या. बाकीची पोरं भोकाड पसरायची, माझी ऑड्री मात्र गाढ झोपलेली. केवढा तोरा होता मला! पुढे ती चालायला लागली आणि मी कोळसा, बटाटे, चर्चच्या विक्रीचे जुने कपडे वाहू लागले. तेही चालायचं, कारण ढकलायला ऑड्री होती ना.

ती नऊ वर्षांची झाली आणि घात झाला. गावातली पोरं फळकुटांच्या गाड्या करून चर्चच्या उतारावर शर्यत लावायची. ऑड्रीने मासळीवाल्याकडून एक पेटी आणली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, हिची चाकं काढून द्या ना!"

"दे रे विल्फ काढून," एडिथ म्हणाली. "नुसती अडगळ झालीये."

अडगळ! मी!

चारही चाकं गेली, मी शेडमध्ये विटांवर बसले. त्या पेटीला मात्र लाल रंग मिळाला, 'तुफान' असं नावही मिळालं. मला कधी कुणी नाव दिलं होतं का? उतारावरून माझ्याच चाकांची कुरकुर ऐकू यायची, वर पोरांच्या आरोळ्या. चाकं माझी आणि मिरवायची ती मासळीची पेटी! मोडू दे मेली, असं मी रोज म्हणायचे.

मग डेरिक जन्मला. मोठ्या शर्यतीला जेमतेम आठवडा राहिला असताना विल्फने चाकं काढून पुन्हा मला लावली.

"फक्त शर्यत होईपर्यंत थांबा ना, बाबा!" ऑड्री रडत होती.

"आणि तुझ्या भावाला काय पोत्यात घालून फिरवू?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ऑड्री पुन्हा माझी झाली होती.

कसली माझी! शर्यतीच्या दिवशी आईने बाळाला फिरवून आणायला सांगितलं, तर ती मला ढकलत निघाली तीच तोंड फुगवून. उताराच्या टोकाशी पोरं जमली होती. तिच्याकडून दोनदा हरलेला क्लिफ ओरडला, "काय गं दाईबाई, उतरतेस का बाबागाडी घेऊन?" सगळे खिदळले आणि आपापल्या गाड्यांत बसून भुर्रकन खाली गेले.

ऑड्रीने डेरिककडे पाहिलं. असं बघणं मी ओळखते, शेडमध्ये बसून मी पेटीकडे तसंच बघायचे. तिने एक हात काढला. मग दुसऱ्या हाताची बोटं सैल झाली.

खोटं कशाला बोलू? मला त्या पेटीसारखं एकदा तरी धावायचं होतं. मी धावले.

चार-पाच हात गेले असेन, तोच मागून "डेरिक!" अशी किंकाळी आली. ऑड्रीने झेप घेऊन माझी दांडी पकडली. गुडघे खडीवर फरफटले, पण तिने दांडी सोडली नाही. आत डेरिक हात हलवत टुकुटुकू बघत होता. त्याला छातीशी धरून ती हमसाहमशी रडली.

"हात सटकला रे बाळा, सटकला."

घरी गुडघे पाहून आईने विचारलं, तेव्हा ठेच लागली म्हणाली.

आता मी कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. डेरिक आजोबा झालाय. नातवंडांना मला दाखवून सांगतो, "माझ्या ताईने यातून मला अख्खं गाव फिरवलं. एक क्षण हात सोडला नाही तिने." काठी टेकून शेजारी उभी असलेली ऑड्री तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

बघ ना गं, ऑड्री. हात तू सोडलास, पण धावले मी. अर्धं पाप माझं आहे, सगळं एकटीने वाहू नकोस.