एक गठ्ठा, एक नंबर

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात पोपटरावांनी तीस वर्षं आवक-जावकचे शिक्के मारले आणि त्या तीस वर्षांत त्यांना एकच नवी गोष्ट सुचली. एकाच विषयाचे अर्ज आले, की ते सुतळीने बांधायचे आणि सगळ्यांना मिळून एकच आवक नंबर द्यायचा. साहेबांनी पाठ थोपटली, पद्धत लागू झाली. निवृत्तीच्या समारंभातही तिचं कौतुक झालं. पोपटरावांना तिचा चांगलाच अभिमान होता.

तो अभिमान आज त्यांच्याच अंगावर आला.

त्यांची थोरली बहीण गिरजाबाई विदर्भातल्या गावाहून दुपारीच करंजाड्याला त्यांच्या घरी उतरली होती. गावाजवळची कोळशाची खाण आता शेजारच्या सरकारी जंगलात वाढणार होती. त्यावर पोपटरावांच्याच जुन्या कार्यालयात हरकती द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि गिरजाबाईच्या पिशवीत गावाच्या एकशे तेरा हरकती. दोघं धापा टाकत कार्यालयात पोचली तेव्हा खिडकी बंद व्हायला जेमतेम तीन तास होते.

खिडकीत शर्मिला होती, पोपटरावांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने हसून कागद घेतले, टेबलावर आपटून सारखे केले आणि सुतळी काढली.

"टेन्शन नको सर. खाणीचाच विषय ना? एक गठ्ठा, एक नंबर. तुमीच शिकवलंत!"

म्हणजे एकशे तेरा माणसं मिळून दप्तरी हरकत एक. इतक्या वर्षांत आपण किती गावं अशी सुतळीत आवळली असतील, या विचाराने पोपटरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझं चुकलं पोरी. सोड ती सुतळी."

"पण सर, विषय वेगळा असेल तरच वेगळा नंबर."

"न्याराच हाय," गिरजाबाई पुढे सरकली. "वाचून तं पाह्य."

शर्मिलाने वरचा कागद उचलला. विषय: सासूने मला दाखवून ठेवलेलं मोहाचं झाड. दुसरा: आमच्या म्हशींचा डोह. तिसरा सगुणाचा: जंगलातलं अस्वल, मला दोनदा भेटलं आणि दोन्ही वेळा मुकाट निघून गेलं. शर्मिला खुदकन हसली. गोटीरामने लिहिलं होतं, तेंदूची पानं तोडताना माझं लग्न जमलं ती जागा. मागच्या टेबलांवरची माणसं उठून खिडकीशी आली.

"गावचे मास्तर म्हने, सगळ्याइनं एकच मजकूर लिवा," गिरजाबाई सांगू लागली. "म्या म्हटलं, काऊन? ज्याचं त्यानं सांगा."

शर्मिलाने सुतळी ड्रॉवरमध्ये टाकली. पोपटराव नावं वाचू लागले, ती शिक्का मारून एकेक पोच देऊ लागली. कुणीतरी चहा मागवला. साडेपाचला एकशे तेरावा नंबर पडला आणि आख्खं ऑफिस टाळ्या वाजवू लागलं.

तेवढ्यात गिरजाबाईने पिशवीतून एक कोरा कागद काढला. "आन् तुही हरकत? तू काय त्या गावचा नाय?"

तीस वर्षं दुसऱ्यांचे विषय वाचणारे पोपटराव स्वतःच्या विषयापाशी अडले. मग खिडकीवरच कागद ठेवून त्यांनी लिहिलं: मी सात वर्षांचा असताना या जंगलात हरवलो होतो आणि सगळं गाव मला शोधायला आलं होतं.

शर्मिलाने शिक्का मारला. "एकशे चौदा, सर."

पोच हातात धरून पोपटराव लहान पोरासारखे हसत उभे राहिले. गिरजाबाईने त्यांचा कान पकडला.

"सापडला रे बापा," ती म्हणाली, "एकदाचा!"