मळाचं पाणी

"मावशी, हे एप्रन कोणी धुतले?"

"भुतं आली होती धुवायला," मावशी बाथरूममधूनच म्हणाली. "मीच की! केवढा तो मळ."

फलक छापून घेऊन आलेली भाची दारातच थांबली. दोरीवर तीन एप्रन निथळत होते. आजीचा, आईचा, मावशीचा. तिघी एकाच इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबलेल्या. संध्याकाळी तिचं पहिलं प्रदर्शन, आणि त्यात मांडायचे ते हेच. आईच्या एप्रनवर डावीकडे तपकिरी पंजा होता. औषधाच्या पाण्याने सोलवटलेला हात आई तिथेच पुसायची. आईचा फोटो एकही नव्हता. पंजा होता.

आता नव्हता.

(फलक: सुती कापड, जंतुनाशक, तीन बायकांचे हात.)

"अगं, तेच तर दाखवायचं होतं मला! तुमच्या हातांचं काय झालं ते."

"डाग दाखवणार?" मावशी बाहेर आली. नखं गेलेली बोटं टॉवेलला पुसत होती. "मळका एप्रन दिसला की दाराबाहेर उभं करायचे आम्हाला. सगळ्यांदेखत. तुझ्या आईलाही केलं होतं. आता मेल्यावर तू करतेस का तिला उभी?"

भाचीकडे उत्तर होतं. लांबलचक, कलेबिलेतलं. ते तिने गिळलं.

"चहा टाकू?" मावशीने विचारलं.

(फलक फाडला. कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं. सुती कापड,)

बादलीत पहिलं पाणी तसंच होतं, गढूळ. मावशी ते ओतायला वाकली.

"राहू दे!"

"मळाचं पाणी कोणी ठेवतं का, बाई?"

"मी ठेवते."

संध्याकाळ. दालनात माणसं मोजकी. एप्रन पांढरेशुभ्र, अजून ओलसर. खाली तीच गढूळ पाण्याची बादली. फलक नाहीच. एक गृहस्थ बादलीला वळसा घालून गेले. छत गळतंय, असं बरोबरच्या बाईंना म्हणाले. भाची कोपऱ्यात एकटी उभी होती. कोणी काही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मावशी आली. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून. दाराबाहेरच उभी राहिली.

"ये ना."

"येऊ आत?"

बहिणीच्या एप्रनसमोर येऊन ती थांबली. मग, "पायात येईल कोणाच्या," असं पुटपुटत बादली सरकवायला वाकली. पाणी हिंदकळलं, हात भिजला. तो तिने सवयीने, न बघताच, समोरच्या एप्रनला पुसला.

डावीकडे.

"चल, निघू या? माझे पाय दुखायला लागले."

"तू हो पुढे. दिवे घालवून आलेच."

एकेक दिवा घालवत भाची एप्रनपाशी आली. तिथला तेवढा राहू दिला. ओला पंजा कडांनी फिका पडत चालला होता. ती उभी राहिली, कापड वाळून मागे काही उरतं का, त्याची वाट बघत.