बाबांचे गुरुवार

बाबा जाऊन नऊ दिवस झाले होते. जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळाचे चिटणीस भेटायला आले, चहा संपवला आणि उठता उठता मला म्हणाले, "फार बोलघेवडा माणूस. आठ वर्षांपूर्वी यायचा थांबला, तेव्हापासून आमच्या गुरुवारांत राम राहिला नाही."

आई कपबशा आत नेत होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

आजारी पडेपर्यंत बाबा दर गुरुवारी दुपारी सलून बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून मंडळात जात होते. जेवताना कुठली रेकॉर्ड लागली, सुई कुठे अडकली, हेसुद्धा सांगत.

दोन खुर्च्यांचं सलून होतं त्यांचं. गल्लीत त्यांना 'रेडिओ' म्हणत. "वहिनी, तुमच्या रेडिओला बंद करायचं बटणच नाही," शेजारचा सायकलवाला आईला म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लागला की त्याला उत्तर देता येत नसे, आणि बाबांना उत्तराची गरजही नसे. कुणाचं लग्न जुळवणं, कुणाचं भांडण मिटवणं, सगळं त्याच खुर्चीत. घरी आले की रेकॉर्ड लावायची आणि ग्रामोफोनच्या पेटीवर तळहात टेकवून डोळे मिटायचे. अशा चव्हाट्यावरच्या माणसाने चोरून काय केलं असेल?

संशय मागची पानं पुन्हा वाचायला लावतो. अलीकडे माझा फोन आला की बाबा तो आईच्या हातात देऊन उठून जात. मी परगावी नोकरी धरल्याचा राग असेल, असं मी समजत आले होते. सायकलवाल्याची बायको एकदा हसत म्हणाली होती, "तुझे बाबा बोलताना तोंडाकडे फार बघतात गं." तेव्हा मीही हसले होते.

मी रेकॉर्डची कव्हरं एकेक करून तपासली. चौथ्यात चिठ्ठी निघाली. बाईचं अक्षर. 'ओठांकडे बघायला लाजू नका. घरीही सराव करा. गुरुवारी वाट बघते.' खाली पत्ता.

मी ती पर्समध्ये टाकली. मला वाटतंय तेच निघालं, तर चिठ्ठी जाळायची आणि आईला कधी कळू द्यायचं नाही, एवढं ठरवून गुरुवारी मी तिथे गेले.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची खोली होती. गोल मांडलेल्या पाच खुर्च्या, एक मोठा आरसा, एक फळा. दार उघडणाऱ्या बाईंचा चष्मा कपाळावर होता.

"तुम्ही रेडिओंची मुलगी."

"कोणी सांगितलं?"

"जबड्याने. आमचा धंदाच तो."

"सराव कसला करायचा होता त्यांनी?" मी चिठ्ठी पुढे केली.

त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनातलं त्यांना कळलं असावं. रागावल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. "ज्यांचे कान जातात त्यांना ओठ वाचायला शिकवते मी. तुमच्या बाबांचा उजवा आधी गेला, डावा मागाहून. यंत्र लावा म्हटलं, तर म्हणाले, कानात यंत्र दिसलं की गिऱ्हाईक मोकळं बोलणार नाही. आरशात ओठ दिसावेत म्हणून सलूनमधला दिवाही हलवला त्यांनी. पण विद्यार्थी म्हणून अगदी ढ. समोरच्याला बोलू दिलं तर ओठ दिसतील ना."

"घरी का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारायची. म्हणायचे, बायको लग्नापासून हळू बोलत आली आहे. कळलं तर ओरडून बोलायला लागेल. ते मला बघवणार नाही."

घरी परतताना कित्येक दिवसांनी मला हलकं वाटत होतं. आई सलूनमधल्या पांढऱ्या टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"वय काय असेल तिचं?"

"साठीच्या असतील. आई, त्या शिकवायच्या."

"ऐकलं मी." तिने आणखी एक टॉवेल घेतला. "चिटणीस मला सहा वर्षांपूर्वीच बाजारात भेटले होते. हे येत नाहीत म्हणाले."

"मग तू विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. एकदाच. हे मागे जेवत होते, मी भांडी घासत होते. तोंडावर विचारायचा धीर होईना, म्हणून तशीच पाठमोरी म्हणाले, गुरुवारी मंडळात जात नाही ते मला कळलंय. कोण आहे ती?"

"मग?"

"काही बोलले नाहीत. साऱ्या जगाशी बोलणारा माणूस, त्या दिवशी गप्प. म्हटलं, मिळालं उत्तर."

तिने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालू लागली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण ती टॉवेलावरून नजर काढेना.

"तेव्हापासून," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांच्याकडे तोंड करून फारसं बोललेच नाही गं."